आईच्या ताटाळ्यात प्लॅनेट रॉक

२०२४ च्या ऑगस्टमधे बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा भागातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा काय काय वर न्यायचं याचा क्रम आपोआप ठरला, आधी आई, मग तिची औषधं, मग कागदपत्रांची पिशवी, गॅसचं सिलेंडर आणि मग माझ्या जुन्या हिप हॉप आणि इलेक्ट्रोच्या रेकॉर्ड. मुलगी जिन्यात उभी राहून माझ्या हातातून गठ्ठे घेत होती आणि वरच्या बेनच्या हॉलमधे सोफ्यावर उभे लावत होती. रॅकचे वरचे तीन कप्पे गेले, खालचे दोन राहिले. तेवढ्यात लाइट गेली, आणि विश्वामित्रीच्या पाण्यात अंधारात मगर असू शकते हे बडोद्याच्या माणसाला सांगावं लागत नाही, आईनं वरून "अरे ये आता, राहू दे ते" असं ओरडून बोलावलं आणि मी गेलो.

दोन रात्री ते दोन कप्पे पाण्याखाली होते. साधारण ९० रेकॉर्ड. आणि माझ्याकडचं जे सगळ्यात जपलेलं ते खालच्याच कप्प्यांत, कारण जड रेकॉर्ड खाली ठेवाव्यात, रॅक डगमगत नाही, हा माझाच नियम.

पाणी उतरल्यावर बघितलं तर कव्हरांचा लगदा झालेला, एकमेकांना चिकटून पुठ्ठ्याची एक वीटच झाली होती. पण विनाइलला पाणी काही करत नाही. चिखल खाचांत बसतो तेवढाच, तो वाळायच्या आत धुवायला हवा, वाळला की मग सुईखाली वाळू होतो. पाणी नळाला नव्हतं, लाइट नव्हती. मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळेल तेवढे कॅन आणले, त्यात भांड्याच्या साबणाचे दोनच थेंब, आईची जुनी मलमलची ओढणी फाडून फडकी केली. लेबल भिजू नये म्हणून स्टीलच्या डब्याची दोन झाकणं, ज्यांना आतून रबर असतं ना ती, दोन्ही बाजूंनी दाबून धरायची आणि गोल गोल फडकं फिरवायचं, नेहमी खाचेच्या दिशेनं, आडवं कधीच नाही. धुवून झाल्यावर वाळत कुठे ठेवायच्या? उन्हात ठेवल्या तर वाकतात, आडव्या ठेवल्या तर चिकटतात. तेव्हा आईनंच स्वयंपाकघरातलं ताटाळं रिकामं करून दिलं. बारा इंचांची रेकॉर्ड आणि आमची जेवणाची ताटं, माप जवळजवळ एकच निघालं, एका वेळी १४ बसायच्या. चार दिवस आम्ही पत्रावळीवर जेवलो आणि ताटाळ्यात प्लॅनेट रॉक, जॅम ऑन इट, इजिप्त इजिप्त असं सगळं उभं.

त्या चार दिवसांत मी जे शिकलो ते आधीच्या पंचवीस वर्षांत शिकलो नव्हतो असं वाटतं. त्याच्यासाठीच हे लिहितोय.

आधी हे वेड आलं कुठून ते सांगतो. माझे एक मामा लेस्टरला असतात, ते १९८५ च्या डिसेंबरमधे आले तेव्हा मी सहावीत. बॅगेत सगळ्यांसाठी काय काय होतं, आईला कार्डिगन, आजोबांना विजेवर चालणारा दाढीचा रेझर, आणि माझ्यासाठी मामेभावानं पाठवलेली एक रेकॉर्ड, स्ट्रीट साउंड्स कंपनीची, इलेक्ट्रो असं मोठ्ठं लिहिलेली. मॉर्गन खान नावाच्या माणसानं लंडनमधे ही मालिका १९८३ ला सुरू केली होती, अमेरिकेतली बारा इंची सिंगल्स तिकडे फार महाग पडायची म्हणून सात-आठ एकत्र, एकमेकांत मिसळून, एका एलपीच्या पैशात. इंग्लंडमधल्या एका अख्ख्या पिढीला हिप हॉप माहीत झालं ते या रेकॉर्डींमुळे. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा होता, सुटकेससारखा उघडणारा, त्याच्यावर तोपर्यंत नाट्यसंगीत आणि भीमसेन जोशी यापलीकडे काही वाजलं नव्हतं. मी सुई ठेवली आणि आजोबा आतून बाहेर आले, म्हणाले, "अरे बिघडलंय का ते?" मी म्हणालो नाही आजोबा, असंच आहे. ते पाच मिनिटं उभे राहिले, मग म्हणाले, "लय पक्की आहे." तबला शिकलेला माणूस होता तो, कायदा-रेला ऐकलेला, त्यांना गाणं नाही आवडलं पण ठेका कळला.

आणि ठेका हीच तर गोष्ट आहे. डिस्कोमधे खर्जाचा ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, धुम धुम धुम धुम, चालत राहायचं. इलेक्ट्रोमधे तो मोडलेला असतो, धुम, थांबला, तक्, धुधुम, तक्, ज्या जागी तो यायला पाहिजे तिथे येत नाही आणि त्या रिकाम्या जागेत अंग आपोआप हलतं. आमच्या शाळेतली मुलं टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून पाठीवर गरगर फिरायची ती या रिकाम्या जागेमुळेच, कुणी शिकवलं नव्हतं.

तर रेकॉर्ड गोळा करायला मी लागलो ते नोकरी लागल्यावर, आणि सुरुवात केली शुक्रवारीत, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या बाजारात. तिथे ढिगाने मिळायचं ते बोनी एम, अॅबा, हिंदी सिनेमे. जे मला हवं ते एखादं निघालंच तर वर्षातून एकदा. मग एका गुजराती मित्रानं रस्ता दाखवला. तो म्हणाला, तू इथे काय शोधतो, चरोतरात जा. बराबर बोलला तो. आणंद, करमसद, धर्मज, भादरण, या गावांतली घरंच्या घरं लंडनला नाहीतर न्यू जर्सीला गेलेली, दारांना कुलपं, वर्षातून एकदा कुणीतरी येऊन जाळी काढून जातं. म्हातारे गेले की मुलं घर विकतात आणि घर विकायच्या आधी माळा रिकामा होतो. ऐंशीच्या दशकात तिकडच्या तरुण पोरांनी सुट्टीत येताना आणलेल्या, आणि परत नेताना वजन जास्त होतं म्हणून इथेच टाकून गेलेल्या रेकॉर्ड त्या माळ्यांवर असतात. भंगारवाला नेतो ते किलोवर. मी त्या भंगारवाल्यांशी ओळखी करून ठेवल्या, दर दिवाळीला मिठाईचा डबा नेऊन देतो, आणि ते फोन करतात, भाई, काळी थाळी आली आहे.

न्यू जर्सीची गोष्ट तर फार जवळची आहे. शुगर हिल रेकॉर्ड्स, ज्यांनी १९७९ ला रॅपर्स डिलाइट काढली, ती कंपनी न्यू यॉर्कची नव्हती, न्यू जर्सीतल्या एंगलवुडची. सिल्विया रॉबिन्सन ही बाई स्वतः गायिका, तिनं तीन पोरं उभी केली आणि बँडकडून शीक या ग्रुपच्या गुड टाइम्सची चाल हातानं पुन्हा वाजवून घेतली, साडेचौदा मिनिटं. त्याच्या थोडं आधी फॅटबॅक बँडनं एका सिंगलच्या मागच्या बाजूला किंग टिम थर्ड टाकलं होतं, त्यामुळे पहिली कोण यावर लोक अजून भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. पण भादरणच्या एका माळ्यावर रॅपर्स डिलाइटची बारा इंची कॉपी मला सापडली तेव्हा तिच्या लेबलवर निळ्या शाईत गुजरातीत "नवरात्रि" असं लिहिलेलं होतं. कुणीतरी ती गरब्याच्या रात्री, गरबा संपल्यावर असेल बहुतेक, वाजवलेली आहे. ती कॉपी सुईनं इतकी झिजली आहे की अर्ध्या रॅपमधे फक्त खरखर येते, आणि मी ती कितीही पैसे मिळाले तरी देणार नाही.

लोक विचारतात, दुर्मीळ म्हणजे नक्की काय. प्लॅनेट रॉक दुर्मीळ नाही. ती १९८२ ला टॉमी बॉय कंपनीनं काढली आणि लाखांनी खपली, आजही साध्या किमतीत मिळते. नाव मोठं म्हणून किंमत मोठी असं या धंद्यात होत नाही. दुर्मीळ म्हणजे १९८३ ची बीट बॉप, रॅमेलझी आणि के-रॉब यांची, जी चित्रकार जाँ-मिशेल बास्कियानं स्वतःच्या पैशानं काढली आणि कव्हरही स्वतः काढलं, पहिल्यांदा फक्त ५०० कॉपी. ती मी फोटोतच बघणार, ते ठीक आहे. त्याच्या मधे एक मोठा प्रदेश आहे आणि माझं सगळं मन तिथे आहे, हार्लेममधे बॉबी रॉबिन्सन यांच्या एन्जॉय रेकॉर्ड्सची सिंगल्स, पॉल विनली यांच्या छोट्या कंपनीची, डेट्रॉइटहून सायबोट्रॉनची १९८१ ची अॅलीज ऑफ युअर माइंड जी ह्वान अॅटकिन्स आणि रिक डेव्हिस या दोघांनी आपल्याच डीप स्पेस लेबलवर काढली, कटिंग रेकॉर्ड्सची पहिलीच रेकॉर्ड म्हणजे हाशिमची अल-नाफीश. या रेकॉर्ड चांगल्या अवस्थेत मिळत नाहीत, आणि याचं कारण नुसतं कमी छापल्या हे नाही. त्या वापरून संपवल्या. हे संगीत जन्मलंच रेकॉर्ड वापरण्यातून, ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अॅव्हेन्यू या बिल्डिंगच्या हॉलमधे कूल हर्क नावाच्या डीजेनं बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, आणि गाण्यात जिथे बाकी सगळे थांबतात आणि फक्त ड्रम उरतो तो तुकडा, म्हणजे ब्रेक, लोकांना नाचवतो हे ओळखून तो दोन प्लेअरवर त्याच रेकॉर्डच्या दोन कॉपी ठेवून तोच तुकडा लांबवायला लागला. म्हणजे एका गाण्याला दोन कॉपी झिजणार, बोटानं मागे ओढणार, पेन्सिलनं खूण करणार. ग्रँडमास्टर फ्लॅशची १९८१ ची व्हील्स ऑफ स्टील तर प्लेअरवरच थेट वाजवून रेकॉर्ड केलेली. अशा वस्तू नव्यासारख्या मिळाल्या तर मला उलट संशय येतो की कुणी वाजवलीच नाही.

म्हणूनच माझं कव्हरांवरचं दुःख त्या चार दिवसांत हळूहळू उतरलं. या सिंगल्सना मुळात चित्राचं कव्हर नसायचंच बहुतेक वेळा, कंपनीचं सगळ्या रेकॉर्डना सारखं कव्हर, मधे गोल भोक, त्यातून लेबल वाचायचं. त्या दिवाणखान्यात लावायला बनवल्याच नव्हत्या, क्रेटमधे उभ्या घालून टॅक्सीतून पार्टीला न्यायला बनवल्या होत्या. माझे दोन इलेक्ट्रोचे एलपी सोडले तर जे गेलं ते पुठ्ठा होता.

जे उरलं ते बघायला शिकलो. ताटाळ्यात एकेक रेकॉर्ड टॉर्चच्या उजेडात तिरकी धरली की खाचा वाचता येतात, जिथे आवाज भरगच्च आहे तिथे पट्टा फिका, चकाकता दिसतो, जिथे ब्रेक आहे, वाद्यं कमी, तिथे काळाभोर, जुने डीजे असंच बघून अंधारात सुई ठेवायचे. बारा इंची सिंगल हा प्रकारच यासाठी आला. सत्तरच्या दशकाच्या मधे टॉम मोल्टन हा मिक्स करणारा न्यू यॉर्कमधे एक मिक्स तबकडीवर कापून, म्हणजे खाचा कोरून, घेत होता, स्टुडिओत सात इंची कोरी तबकडी संपली होती म्हणून मोठ्या तबकडीवर कापलं, आणि जागा भरपूर मिळाल्यामुळे आवाज इतका मोकळा आला की त्यानं तेच धरलं. १९७६ ला सॅल्सोल कंपनीनं डबल एक्स्पोजर या ग्रुपचं टेन पर्सेंट बारा इंचावर दुकानात आणलं. एका बाजूला एकच गाणं, खाचा लांब लांब, म्हणून ८०८ चा तो पोटात जाणारा बूम त्यात मावतो. सात इंचावर तो दबतो.

८०८ म्हणजे रोलंड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन, १९८० ते १९८३ एवढंच बनलं, जवळपास १२,०००. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा फार चाललं नाही. त्याच्या सिझलचं, म्हणजे सळसळत्या आवाजाचं, गुपित असं की रोलंडनं त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर घातले होते, आणि पुढे तसले सदोष मिळेनात म्हणून मशीनच बंद झालं. प्लॅनेट रॉकमधे आर्थर बेकर आणि जॉन रॉबी यांनी क्राफ्टवेर्कच्या ट्रान्स-युरोप एक्स्प्रेसची चाल आणि नंबर्सचा ठेका या मशीनवर नव्यानं बसवला. जर्मनीची चाल, जपानचं मशीन, ब्रॉन्क्सची पोरं. आणि त्याच १९८२ साली मुंबईत चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाचे वादक, हेच ८०८, सोबत रोलंडचेच टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन बसले आणि त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं ती रेकॉर्ड काढली, कुणी घेतली नाही, आणि मग एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१० मधे नव्यानं निघाली तेव्हा जगानं कान टवकारले. भैरव, ललत, तोडी, मेघमल्हार, आणि खाली तेच मशीन. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी झोपलो नाही. आजोबा असते तर ती मी त्यांना ऐकवली असती, यावेळी राग ओळखीचे होते. मूळ छापाची कॉपी माझ्याकडे नाही, शुक्रवारीत दर वेळी एचएमव्हीच्या ढिगात हात घालताना मनात तीच असते.

नवीन गोळा करणाऱ्यांनी खरेदीच्या बाबतीत एवढं एकच करावं, विकणाऱ्याकडून कव्हरचा फोटो मागू नका, रनआउटचा मागा. लेबल आणि शेवटची खाच यांच्या मधे जी गुळगुळीत पट्टी असते तिथे कोरलेलं असतं सगळं. नकली छापात लेबल हुबेहूब करतात, आता स्कॅनर सगळ्यांकडे आहेत, पण कापणाऱ्याच्या हाताचं कोरलेलं अक्षर करणं अवघड. न्यू यॉर्कचे हर्ब पॉवर्स ज्युनियर कापलेल्या रेकॉर्डवर हर्बी ज्युनियर असं लिहून शेजारी एक हसरा चेहरा काढायचे. मला एकदा परदेशातल्या एका विक्रेत्यानं उत्तम अवस्था म्हणून पाठवलेल्या एका सिंगलवर तो चेहरा नव्हता, अक्षरं छापील ठोकलेली, लेबलचा रंग थोडा फिका, कस्टमची ड्युटी मी भरून बसलेलो, पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून फोटो आल्याशिवाय मी एक रुपया पाठवत नाही.

आणि ताटाळ्यासमोर बसून तो हसरा चेहरा चिखलाखालून निघताना बघणं, मुलीनं फडकं फिरवलं आणि म्हणाली, बाबा, इथे कुणीतरी हसतंय. ती तेव्हा आठवीत होती, तोपर्यंत तिला या सगळ्यात काहीच रस नव्हता. त्यानंतर प्रत्येक रेकॉर्डची पट्टी तीच वाचायला लागली आणि वहीत लिहायला लागली, कारण लेबलं बरीच गेली होती. झाकणं मी धुताना लावली पण त्याआधी दोन रात्री पाण्यात गेल्याच होत्या ना, काहींचा कागद फुगून पोपडे निघाले, शाई वाहून गेली, नऊ रेकॉर्डची तर लेबलं पूर्ण उतरली. कूल हर्कनं हे मुद्दाम केलं होतं. वडिलांनी सांगितलं म्हणून तो लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या डीजेला कळू नये की हा ब्रेक कुठल्या रेकॉर्डचा. मी मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे नदीनं आपली पण सिक्रेट करून ठेवली.

नऊपैकी आठ आम्ही पट्टीवरच्या आकड्यांवरून ओळखल्या, रात्री दहापर्यंत टॉर्च आणि फोन घेऊन. नववी अजून लागत नाही. पेटलादजवळच्या एका घरातून जूनमधे गठ्ठ्यात आलेली, ऐकायची राहून गेली होती, यादीत पण नाही. पट्टीवर हाताने कोरलेलं एक ए आहे, एक तिरकी रेघ, आणि पुढचं ओरखड्यात गेलंय. लाइट आल्यावर पहिली हीच लावली. बँड आहे, मशीन नाही, म्हणजे बहुधा १९८२ च्या आधीची. बास गिटार पुढे, टाळ्या खऱ्या माणसांच्या, आणि एक मुलगी रॅप करते, सलग, श्वास कुठे घेते कळत नाही. द सीक्वेन्सच्या तिघी मला आवाजावरून ओळखता येतात, त्या नाहीत. फंकी फोर प्लस वनची शा-रॉक नाही, तिचा आवाज वेगळा. मधे एका जागी चिखलाचा कण राहिलाय, तीनदा धुतली तरी निघत नाही, तिथे सुई एकदा टक करते आणि पुढे जाते.

ताटाळं आईला परत दिलं, घासून, पुसून. ही एक रेकॉर्ड मात्र अजून स्वयंपाकघरातच आहे, साध्या बटर पेपरच्या पाकिटात, कारण संध्याकाळी आई भाजी निवडायला बसली की मुलीला सांगते, "ती तुमची बिननावाची लाव बघू", आणि आम्ही ती परत पहिल्यापासून लावतो.